८,२६० रुपयांचं मागणीपत्र: माहितीच्या अधिकारातल्या फीवर आक्षेप कसा घ्यायचा

प्रश्न असा आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांचा प्लॉट शहराबाहेर, जवळच्या एका नगर परिषदेच्या हद्दीत आहे. तिथल्या रस्त्याच्या आणि नालीच्या कामाचं प्राक्कलन (म्हणजे खर्चाचं अंदाजपत्रक), मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराची देयकं आणि करार त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितला. त्याच अर्जात गेल्या पाच वर्षांत त्या वॉर्डात झालेल्या सगळ्या कामांच्या नस्त्याही मागितल्या. अर्ज ३ जूनला हातानं दिला, पावती घेतली. १४ जुलैला पत्र आलं. पत्रावर तारीख ३० जून, पाकिटावर टपालाचा शिक्का ११ जुलैचा. मजकूर दोन ओळींचा: ८,२६० रुपये जमा करा, नंतर माहिती मिळेल. त्या चौकशीला गेल्या तेव्हा बाबूनं पेन्सिलीनं चिठोऱ्यावर हिशेब लिहून दिला. २,४५० पानांचे ४,९००, शोध शुल्क १,०००, प्रमाणित करण्याचे ५००, कर्मचारी खर्च ६००, मिळून ७,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२६०. त्यांचं विचारणं: एवढी फी घेता येते का? अपील करावं की पैसे भरून मोकळं व्हावं? आणि महूला छावणीत राहणाऱ्या भावालाही हेच नियम लागू आहेत का?

ताई, तुमच्या पत्रात सगळा भर ८,२६० या आकड्यावर आहे, आणि पाकिटावरच्या शिक्क्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा. म्हणून आधी तारखेचं बोलू, मग हिशेबाचं.

कायद्याच्या कलम ७(१) प्रमाणे लोक सूचना अधिकाऱ्याला, म्हणजे कार्यालयात माहिती देण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला, अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस असतात. त्या मुदतीत त्यानं माहिती तरी द्यायची, नाही तर कारण देऊन नाकारायची. जास्तीची फी हवी असेल तर तीही याच ३० दिवसांत कळवायची. कलम ७(३) सांगतं की फीचं पत्र रवाना झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीतून वगळायचे. इथे मोजायचं ते पत्र रवाना झाल्यापासून. पत्राच्या डोक्यावर जी तारीख टंकली आहे तिच्यापासून नव्हे. तुमचा अर्ज ३ जूनला कार्यालयात पोचला, म्हणजे मुदत ३ जुलैला संपली. पत्र टपालात पडलं ११ जुलैला. ३० जूनला पत्र लिहून ते टेबलावर ठेवलं असेल, सही व्हायची असेल, शिपाई रजेवर असेल, त्याच्याशी तुमचा संबंध नाही.

आणि मुदत चुकली की कलम ७(६) लागू होतं: मागितलेली माहिती मोफत द्यायची. त्यात ‘देता येईल’ असा पर्याय नाही. म्हणजे तुमच्याकडून ८,२६० तर नाहीच, ४,९०० सुद्धा मागता येत नाहीत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयासमोर २०२५ मध्ये असंच प्रकरण होतं. मुदत उलटून गेल्यावर अर्जदाराकडे दोन लाखांहून जास्त फी मागितली गेली होती आणि राज्य सूचना आयोगानंही ती मागणी उचलून धरली होती. न्यायालयानं माहिती मोफत द्यायला सांगितलं आणि आयोगावर ४० हजारांचा खर्च बसवला. अपिलात या निकालाचा उल्लेख जरूर करा. आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयाचं नाव दिसलं की अपीलीय अधिकारी कागद पुन्हा एकदा वाचतो.

आता ते पाकीट. ते फेकलं नसेल अशी आशा आहे. लोक पत्र जपून फाइलला लावतात आणि पाकीट रद्दीत टाकतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं इथेच बिनसतं. पाकिटाची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढा, शिक्का नीट उमटेल अशी. बारकोडचा क्रमांक असेल तर टपाल खात्याच्या साइटवर तो टाकून बुकिंगची तारीख दाखवणारं पान छापून ठेवा. ही नोंद तिथे कायमची राहत नाही, म्हणून आजच करा. तिसरी गोष्ट म्हणजे जावक नोंदवही. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक असतो, तो तुमच्या पत्रावर वर डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी असेल. त्या क्रमांकाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींसह जावक वहीच्या त्या पानाची, आणि टपाल तिकिटांच्या हिशेबवहीच्या त्या आठवड्याच्या पानाची प्रत वेगळ्या अर्जानं मागा. अर्जाचे दहा रुपये आणि दोन-तीन पानांचे चार-सहा. मागच्या तारखेची नोंद घुसवलेली असेल तर ती दोन ओळींच्या मधे बारीक अक्षरात लिहिलेली दिसते, किंवा क्रमांकाला ‘अ’ लावलेला असतो. हे पान हातात असलं की सुनावणीत फार बोलावं लागत नाही.

एक खबरदारी. तुम्ही अर्ज थेट त्याच कार्यालयात दिलात म्हणून ३० दिवसांचा हिशेब इतका सरळ आहे. अर्ज भलत्याच कार्यालयात गेला असता आणि तिथून कलम ६(३) खाली पुढे पाठवला गेला असता, तर दुसऱ्या कार्यालयाचं घड्याळ त्यांना अर्ज मिळाल्यावर सुरू झालं असतं. सहायक लोक सूचना अधिकाऱ्याकडे दिला असता तर पाच दिवस वाढले असते. समोरचा माणूस यातलं काहीतरी पुढे करेल. तुमच्या पावतीवर कुणाचा शिक्का आहे ते पाहून ठेवा.

तारखेचा मुद्दा एवढा भक्कम असूनही अपील फक्त त्यावर उभं करू नका. अपीलीय अधिकारी म्हणू शकतो की पत्र ३० जूनलाच निघालं, उशीर टपालाचा. म्हणून हिशेबावरचा आक्षेप पर्यायी मागणी म्हणून जोडायचाच. आता त्या चिठोऱ्याकडे येऊ.

माहितीच्या अधिकारात फी किती घ्यायची हे ठरवायचा अधिकार कायद्यानं कलम २७ खाली राज्य सरकारला दिलाय, आणि कलम २८ खाली विधानसभेचे अध्यक्ष, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश यांच्यासारख्या सक्षम प्राधिकाऱ्यांना. नगर परिषद यातल्या कशातच बसत नाही. तिनं परिषदेत ठराव करून ‘नकल शुल्क’ ठरवलं असेल तर ते तिच्या नकल शाखेत साधा अर्ज करणाऱ्यासाठी. माहितीच्या अधिकारात आलेल्या माणसाला राज्याच्या २००५ च्या शुल्क व अपील नियमांतलाच दर लावायचा: अर्जाला १० रुपये, पानाला २ रुपये. कंपनी सेक्रेटरींच्या संस्थेनं उत्तरपत्रिकेच्या प्रतीसाठी स्वतःचा ५०० रुपयांचा दर ठेवला होता. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की विद्यार्थ्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. माहितीच्या अधिकारातून मागितलं तर त्या नियमांतली फी. तुमच्या बाबतीत तर्क तोच.

आता चिठोऱ्यावरची एकेक ओळ घ्या. शोध शुल्क १,०००: नियमांत असं शीर्षकच नाही. कागद जागेवर सापडणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. कलम ४(१)(क) म्हणतं की अभिलेख सूची करून, अनुक्रमणिका लावून ठेवायचे. न सापडल्याचा भुर्दंड नागरिकानं का भरायचा? प्रमाणित करण्याचे ५००: कलम २(ञ) मध्ये माहितीच्या अधिकाराची व्याख्याच प्रमाणित प्रती मिळवण्याचा अधिकार धरून केलेली आहे. शिक्का मारून सही करण्याचे वेगळे पैसे नाहीत. कर्मचारी खर्च ६००: कर्मचाऱ्याला पगार मिळतो. काम खरंच इतकं मोठं असेल की कार्यालय ठप्प होईल, तर कलम ७(९) प्रमाणे अधिकारी म्हणू शकतो की या स्वरूपात देता येत नाही, येऊन पाहून घ्या. स्वरूप बदलता येतं, फी वाढवता येत नाही.

जीएसटी १,२६०. हे वाचून मला हसू आलं, पण असं लिहिणारं तुमचं कार्यालय एकटं नाही. माहितीच्या अधिकाराखाली माहिती देण्याची सेवा जीएसटीतून वगळायची शिफारस जीएसटी परिषदेनं जानेवारी २०१८ च्या बैठकीत केली आणि त्याच महिन्यात तशी अधिसूचना निघाली. शिवाय इथे तर शोध शुल्कावर, म्हणजे जे घेताच येत नाही त्याच्यावर, कर लावलाय.

हे सगळं खोडलं की उरतात २,४५० गुणिले २, म्हणजे ४,९००. आणि तेही पानांचा आकडा खरा असेल तर.

पानांच्या आकड्यावर थोडं थांबतो, कारण खरा पैसा तिथेच असतो. सरकारी नस्तीचे दोन भाग असतात: नोटशीट, म्हणजे अधिकाऱ्यांच्या टिपण्या, आणि पत्राचार, म्हणजे आलेली-गेलेली पत्रं. दोन्हींना वेगवेगळे पृष्ठ क्रमांक पडतात किंवा पडायला हवेत. बाबू जेव्हा ‘अंदाजे अडीच हजार’ म्हणतो, तेव्हा त्यानं बहुधा गठ्ठ्याची जाडी पाहिलेली असते. निविदेच्या अटींची छापील पुस्तिका प्रत्येक कामाच्या नस्तीला लावलेली असते, अक्षरन् अक्षर सारखी, कधी साठ पानांची तर कधी शंभर. पंधरा कामं असतील तर तुम्ही तीच पुस्तिका पंधरा वेळा विकत घेणार. वर त्याच निविदेची कागदपत्रं एमपी टेंडर्सच्या पोर्टलवर पडलेली असण्याची शक्यता मोठी. मोजमाप पुस्तिकेचंही तसंच. ती बांधीव वही असते आणि एकाच वहीत अनेक कामांची मापं लिहिलेली असतात. तुम्ही ‘मोजमाप पुस्तिका’ एवढंच मागितलं की अख्खी वही मोजली जाते. देयकावर वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक लिहिलेला असतो. तेवढीच पानं मागायची असतात.

म्हणून कलम ७(३) मधलं एक वाक्य पाठ करून ठेवा. जास्तीची फी मागताना अधिकाऱ्यानं ती रक्कम कशी काढली याचा हिशेब द्यायचा असतो. नुसती बेरीज चालत नाही. शिवाय त्याच पत्रात सांगायचं असतं की या फीचा फेरविचार मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे, त्यासाठी अपीलीय अधिकारी कोण, मुदत किती, कार्यपद्धती काय. तुमच्या दोन ओळींच्या पत्रात यातलं काही नाही. पेन्सिलीचा चिठोरा हा हिशेब नव्हे, पण तो जपून ठेवा. बाबूच्या हस्ताक्षरात आहे आणि त्यात जीएसटी लिहिलाय, हे पुरेसं बोलकं आहे.

हिशेब मागणारं पत्र हिंदीत, एका पानात द्या. साधं वाक्य पुरतं: ‘कृपया मांगी गई राशि की गणना, नस्तीवार पृष्ठ संख्या तथा जिस नियम के अंतर्गत प्रत्येक मद लिया जा रहा है, उसका उल्लेख कर सूचित करें।’ सोबत दोन मागण्या जोडा. पहिली, तुमच्या रस्त्याच्या कामाची चार कागदपत्रं वेगळी काढून फक्त त्यांची पानं सांगा. दुसरी, पाच वर्षांच्या बाकी नस्त्या मला आधी पाहू द्या, पाहून हवी ती पानं सांगते. पत्राची पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टनं पाठवा, वाद घालत उभ्या राहू नका.

अवलोकनाची गंमत अशी की तिथे पानं मोजता येतात. बसून नस्ती उलटा, वहीत नस्तीचा क्रमांक आणि हवी ती पानं टिपा, कोऱ्या आणि दुबार पानांवर फुली. दोघी जा, एकीनं वाचायचं, दुसरीनं लिहायचं. केंद्र सरकारच्या कार्यालयात पहिला तास फुकट आणि पुढे तासाला पाच रुपये असं आहे. आपल्या राज्यात तसं नाही, पहिल्या मिनिटापासून मीटर पडतो, म्हणून घरून यादी करून जा आणि तिथे इकडच्या तिकडच्या गप्पांत अडकू नका. चहा आला तर घ्यावा, पण नस्ती उघडी ठेवून. तुमच्या मागणीत मला वाटतं शेवटी दीड-दोनशे पानं कामाची निघतील. तो तीन-चारशे रुपयांचा मामला आहे.

खरं सांगायचं तर ‘गेल्या पाच वर्षांतल्या सगळ्या नस्त्या’ हे वाक्य अर्जात नसतं तर हा आकडा फुगलाच नसता. मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि कारण सांगायची गरजही नाही. पण असं वाक्य दिसलं की कार्यालय भांबावतं आणि भांबावलेलं कार्यालय फीचा आकडा पुढे करतं. कधी तो घाबरवण्यासाठीच असतो. पुढच्या वेळी आधी कामांची यादी मागा: कामाचं नाव, मंजूर रक्कम, ठेकेदार, कार्यादेशाची तारीख. ती चार-पाच पानांत येते. मग त्यातलं एकेक काम धरा.

आता अपिलाचं. इथे महाराष्ट्रातल्या पुस्तकांपासून सावध राहायला हवं. आपल्या इंदुरी मराठी घरांतून माहितीच्या अधिकारावरची जी मार्गदर्शक पुस्तकं असतात ती बहुतेक पुण्या-मुंबईची, आणि पुण्याचा भाचा फोनवर सांगतो तेही तिकडचं. तिथे पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला वीस-वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर असावा हा नियमही तिकडचा. मध्य प्रदेशात पहिल्या अपिलाची फी ५० रुपये आणि दुसऱ्याची १००. भाच्याचं ऐकून वीस रुपये लावलेत तर अपील त्रुटीत निघेल आणि मुदत वाया जाईल. केंद्राच्या कार्यालयांत अपिलाला फीच नाही, हे वाचून आपल्याकडचे ५० देताना जिवावर येतं खरं. विशेषतः चाळीस रुपयांच्या जादा आकारणीसाठी पन्नास भरून अपील करायचं म्हणजे उफराटा कारभार. ज्यांनी हा नियम केला त्यांना हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

म्हणूनच मी सगळ्यांना अपील कर असं सांगत नाही. वाद शंभर-सव्वाशेचा असेल, माहिती घाईची असेल आणि तारखेचा मुद्दा नसेल, तर पैसे भरा. भरताना चलनासोबत एक ओळ द्या की हे आक्षेप राखून भरत आहे, जादा रक्कम परत मिळावी. प्रती हातात आल्या की तिथेच, काउंटरवर, पानं मोजा. कमी भरली तर पोचपावतीवर आकडा लिहूनच सही करा. घरी येऊन मोजलेली पानं नंतर कुणी मान्य करत नाही.

तुमची गोष्ट वेगळी. रक्कम मोठी आहे आणि तारीख तुमच्या बाजूची आहे. अपील करा. पत्र १४ जुलैला मिळालं, म्हणजे पहिल्या अपिलाची मुदत १३ ऑगस्टपर्यंत. हिशेब मागणाऱ्या पत्राच्या उत्तराची वाट पाहत ती दवडू नका. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात होऊ देत. अपीलीय अधिकाऱ्याचं नाव पत्रात नाही, तर ‘प्रथम अपीलीय अधिकारी’ एवढ्याच पदनामानं त्याच नगर परिषदेच्या पत्त्यावर द्या आणि पहिल्याच परिच्छेदात लिहा की पत्रात हे नाव देणं बंधनकारक असून दिलेलं नाही.

अपिलात मागण्या अशा क्रमानं येऊ द्या. मागणीपत्र मुदतीनंतर रवाना झालं म्हणून कलम ७(६) खाली संपूर्ण माहिती मोफत. ते न मानल्यास शोध, प्रमाणीकरण, कर्मचारी खर्च आणि जीएसटी या चारही रकमा रद्द, आणि नस्तीवार पृष्ठसंख्या देऊन पानाला २ रुपयांनीच आकारणी. तोवर चार मुख्य कागदपत्रं तात्काळ. पाकिटाची प्रत, ट्रॅकिंगचं पान, पावती आणि चिठोऱ्याची झेरॉक्स सोबत. ‘आम्ही कर भरतो’, ‘ज्येष्ठ नागरिकाला छळतात’, ‘यात भ्रष्टाचार आहे’ यातलं काही लिहू नका. ते खरं असेलही, पण अपीलीय अधिकाऱ्याला त्या वाक्यांवर उत्तर द्यायला सोपं जातं आणि तारखेच्या वाक्यावर अवघड. त्याला अवघड वाक्यच वाचायला द्या.

सुनावणीत बहुधा असं होतं. अधिकारी सज्जनपणे म्हणतो, ‘मॅडम, थोडं कमी करून देतो, भरून टाका.’ घासाघीस सुरू होते आणि माणूस आठ हजारांचे पाच झाले म्हणून खूश होऊन घरी जातो. मग आदेश निघतो एका ओळीचा: आवेदकानं शुल्क भरल्यावर माहिती द्यावी. या आदेशात तारखेचा निर्णय नाही, हिशेबाचा नाही, आणि दुसऱ्या अपिलात तुम्हीच रक्कम मान्य केली होती असं सांगितलं जातं. तेव्हा शांतपणे म्हणा की माझे तीन मुद्दे आहेत, तिन्हींवर कारणासह लेखी निर्णय द्या. एक लेखी निवेदन सोबत न्या, सुनावणीतच दाखल करा आणि प्रतीवर पोच घ्या. कलम १९(५) प्रमाणे नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी लोक सूचना अधिकाऱ्याची आहे. बेकायदा फीची अट घालून माहिती अडवणं हा एक प्रकारचा नकारच आहे, असं निवेदनात मांडा.

पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत, लेखी कारण दिल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत व्हायला हवा. तो विरुद्ध गेला किंवा आलाच नाही, तर ९० दिवसांत भोपाळला राज्य सूचना आयोगाकडे दुसरं अपील. तिथे लवकर नंबर लागत नाही, हे मनाशी धरूनच जा.

इथे एक चूक फार लोक करतात. कलम १८(१)(घ) मध्ये अवाजवी फीबद्दल आयोगाकडे थेट तक्रार करायची सोय आहे. ते वाचून लोकांना वाटतं, मधली अपिलं कशाला, सरळ तक्रार करू. पण मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट केलं की कलम १८ च्या तक्रारीवर आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, माहिती द्यायचा आदेश देऊ शकत नाही. माहिती हवी असेल तर कलम १९ चं अपील हीच वाट. दंड दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,०००, तोही सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या हाती नाही. तुमचं नुकसान झालं असेल तर कलम १९(८)(ख) खाली भरपाई अपिलातच मागावी लागते. तुम्हाला रस्त्याचे कागद हवेत, बाबूला दंड नकोय, तर तक्रारीच्या नादी लागू नका. दोन्ही हवं असेल तर दोन्ही करा, पण अपील आधी.

कुणी तुम्हाला सर्वोच्च न्यायालयाचा ‘५० आणि ५ रुपये’ असा निकाल दाखवेल. तो २०१८ चा, उच्च न्यायालयं आणि विधानमंडळांनी केलेल्या भरमसाट फीच्या नियमांबद्दलचा. सर्वसाधारणपणे अर्जाला ५० आणि पानाला ५ रुपयांहून जास्त नको, अशी ती वरची मर्यादा आहे. नगर परिषदेनं तो निकाल दाखवून पानाला पाच मागितले तर मान्य करू नका, आपल्या राज्याच्या नियमातला दर दोनच आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, पण तुम्हाला ते लागू नाही म्हणून सोडतो.

भावाचं. महूची छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाखाली येते, म्हणून तिला मध्य प्रदेशचे नियम लागू नाहीत. केंद्राचे २०१२ चे नियम लागू. अर्जाला १० रुपये, ए-फोर किंवा ए-थ्री पानाला २, अवलोकनाचा पहिला तास मोफत, टपालखर्च ५० रुपयांच्या वर गेला तर तेवढाच जादा. पहिल्या अपिलाला फी नाही, दुसऱ्यालाही नाही, आणि दुसरं अपील भोपाळला नाही तर दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, जे घरबसल्या ऑनलाइन करता येतं. मुदतीचे आणि हिशेबाचे नियम मात्र कायद्यातले आहेत, ते दोघांना सारखे. छावणीच्या हद्दीबाहेरच्या महूतल्या कामाबद्दल विचारायचं असेल तर तो अर्ज पुन्हा राज्याच्या नियमांत येतो, तेव्हा त्यानं आधी आपली गल्ली कोणत्या बाजूला पडते ते मालमत्ता कराच्या बिलावर पाहून घ्यावं.